बिडाचा तवा, लोखंडी कढई, पितळी पातेलं: निवड, तयारी आणि रोजची निगा

हौसेनं आणलेला बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, तवा दोन-तीन महिन्यांत माळ्यावर जातो, त्याची कारणं बहुतेक घरांत दोनच असतात: घावन चिकटतं, नाही तर तवा गंजतो. दोन्ही टाळता येतं. त्यासाठी महागडं तेल किंवा खास घासणी लागत नाही; तव्यावर तेलाचं, पिठाचं आणि पाण्याचं काय होतं एवढं कळलं की पुरतं.

पहिली गोष्ट: तवे दोन हवेत

पोळी-भाकरीचा तवा वेगळा आणि घावन, आंबोळी, थालीपीठ, डोशाचा तवा वेगळा. जागा कमी असेल तर बाकीची दोन भांडी काढा, पण हे दोन तवे ठेवाच. "तवा चिकटतो" या तक्रारीच्या मुळाशी बहुतेक वेळा दोन्ही कामं एकाच तव्यावर केलेली असतात.

घावन सुटून येतं ते तव्यावर बसलेल्या तेलाच्या कडक थरामुळे. हा थर पातळ असतो आणि अति तापला की जळतो. पोळीचा तवा मोठ्या आचेवर कोरडाच तापतो, दोन पोळ्यांच्या मधल्या वेळात तर रिकामाच तापत राहतो. त्यात लाटताना लावलेलं पीठ तव्यावर पडतं, करपतं आणि छिद्रांत बसतं. वीस पोळ्या झाल्या की मधला भाग करडा दिसायला लागतो, म्हणजे थर गेलेला असतो. संध्याकाळी त्याच तव्यावर डोसा घातला तर तो मधोमध धरणारच. पोळीच्या तव्याला हा करडेपणा शोभतो, तिथे तेलाचा थर नकोच असतो. घावनाच्या तव्याला मात्र तो चालत नाही.

पोळी-भाकरीला लोखंडी पत्र्याचा, किंचित खोलगट तवा घ्या. तो लवकर तापतो आणि आच कमी केली की लवकर निवतो, म्हणजे आच हातात राहते. घावन-थालीपिठाला बिडाचा.  तो तापायला वेळ घेतो, पण एकदा तापला की गार पीठ पडलं तरी त्याची उष्णता फारशी उतरत नाही, म्हणून जाळी छान पडते.

विकत घेताना काय पाहायचं

पुण्यात तवे-कढया बघायला तुळशीबाग आणि रविवार पेठ या नेहमीच्या जागा. तांब्या-पितळेसाठी कसबा पेठेतली तांबट आळी. जुनं बीड हवं असेल तर बुधवारी किंवा रविवारी जुना बाजार गाठायचा. जुन्या ओतीव तव्यांचा पृष्ठभाग बऱ्याचदा घासून-वापरून गुळगुळीत झालेला असतो, आणि तसा तवा मिळाला तर तो नव्यापेक्षा सरस.

२५ सेंटीमीटरचा बिडाचा तवा साधारण दीड ते दोन किलो भरतो. एक किलोच्या आत असेल तर तो पातळ आहे. आचेवर मधे तापेल आणि कडेला थंड राहील. तवा दुकानातल्या सपाट फरशीवर ठेवून बघा. बूड मधे खाली फुगीर असेल तर तो भिंगरीसारखा फिरतो. गॅसवर तेल मधेच साचतं आणि इंडक्शनवर नीट तापत नाही. बोटाचं पेर वाकवून तव्यावर ठोका. खणखणीत आवाज आला तर ठीक. भद्द आवाज आला तर कुठेतरी चीर आहे. चीर बारीक असली तरी तापून-निवून वाढत जाते, असा तवा फुकट मिळाला तरी घेऊ नये.

आतून हात फिरवून बघा. ओतीव बीड थोडं खरखरीत असणारच, पण नखाला अडेल असे टोकदार कंगोरे किंवा खड्डे नकोत. काळा कुळकुळीत, चमकदार तवा दिसला तर तो रंगवलेला नाही ना, हे पांढऱ्या फडक्याला थोडं तेल लावून पुसून बघा. फडक्यावर किंचित तपकिरी उतरलं तर हरकत नाही. काळा रंगच रंग आला तर ठेवून द्या. "सीझनिंग केलेला", म्हणजे तेलाचा थर आधीच दिलेला, म्हणून मिळणारा तवाही घरी आणल्यावर दोन-तीनदा तेलावर तापवावाच लागतो.

नवा तवा तयार करणं

नव्या लोखंडावर गंजू नये म्हणून तेल किंवा मेणासारखा थर दिलेला असतो. तो पोटात जायला नको आणि त्यावर आपलं तेलही बसत नाही. म्हणून आधी गरम पाणी, भांडी घासायचा साबण आणि काथ्यानं तवा दोन्ही बाजूंनी रगडून घ्या. यावेळी साबणाची भीती बाळगू नका. फेसाचा काळेपणा जाईपर्यंत दोन-तीनदा धुवा. पूर्वी तवा रात्रभर भाताच्या पेजेत बुडवून ठेवत. त्यानं सुटा गंज आणि ओशटपणा मोकळा होतो. सवड असेल तर करा, नसेल तर साबण पुरतो.

धुतल्यावर फडक्यानं पुसून लगेच मंद आचेवर ठेवा. बिडाच्या छिद्रांत पाणी राहतं, नुसत्या पुसण्यानं ते जात नाही. पाच मिनिटांत तवा पूर्ण कोरडा होतो आणि हाताला चांगला गरम लागतो.

आता तेल. सूर्यफूल किंवा सोयाबीनचं रिफाइंड तेल घ्या. खोबरेल आणि तूप यांचा कडक थर बसत नाही, ते चिकट आणि ओशट राहतं. जवसाच्या तेलाचा थर दिसायला सुंदर, पण पुढे पापुद्रे निघतात. घाण्याचं शेंगदाणा तेल रोजच्या वापराला उत्तम, पण त्याचा धूर लवकर निघतो, म्हणून या कामाला रिफाइंड बरं.

पाव चमचा तेल सुती फडक्यावर घेऊन तव्याला आतून, बाहेरून, दांड्याला सगळीकडे चोळा. मग दुसरं कोरडं फडकं घ्या आणि लावलेलं तेल पुसून काढा, जणू ते चुकूनच लागलं होतं. तवा कोरडा दिसायला हवा. इथेच बहुतेक तवे बिघडतात. जास्त तेल राहिलं तर ते कडक न होता चिकट डिंकासारखं बसतं, त्यावर धूळ आणि पीठ धरतं, आणि महिनाभरानं ते पापुद्र्यानं सुटतं.

खिडक्या उघडा, एक्झॉस्ट लावा. तवा मध्यम आचेवर ठेवा आणि धूर यायला लागला की आच थोडी कमी करून ८ ते १० मिनिटं धूर जाईपर्यंत तापू द्या. मोठ्या बर्नरवर मधे जास्त आणि कडेला कमी तापतो, म्हणून दर दोन मिनिटांनी तवा सरकवून कडा आचेवर आणा. गॅस बंद करून तवा जागेवरच निवू द्या. पुन्हा पुसट तेल, पुन्हा तापवणं, पुन्हा निववणं. असं तीन ते चार वेळा. घरी ओव्हन असेल तर तवा उलटा ठेवून २३० अंशांवर एक तास, आणि आतच निवू द्यायचा. थर सगळीकडे सारखा बसतो.

या तापवण्यात तेलाचे छोटे रेणू एकमेकांना जोडले जाऊन कडक, कोरडा पापुद्रा तयार होतो आणि तो लोखंडाच्या खरखरीत पृष्ठभागात अडकून बसतो. म्हणून तो साध्या साबणानं निघत नाही. आंबट, अति उष्णता आणि तारेची घासणी या तीन गोष्टींनी मात्र निघतो.

चार वेळा झाल्यावरही तवा एकसारखा काळा दिसणार नाही, तपकिरी छटा राहतील. ठीक आहे. काळेपणा वापरानं येतो.

पहिले आठ-दहा दिवस काय करायचं

नव्या तव्यावर लगेच घावन घालू नका. घावनाचं पीठ पातळ, त्यात तेल नाही, आणि ते छिद्रात शिरून बसतं. आधी तेलाचे पदार्थ करा: कांदा परतणं, बटाट्याच्या काचऱ्या, सुरण किंवा रताळ्याचे काप, कटलेट. रोज एकदा असं झालं की साधारण आठवड्यात तवा थालीपिठाला तयार होतो, त्यानंतर आंबोळी-डोशाला, आणि सगळ्यात शेवटी घावनाला.

थालीपीठ हे तवा जमलाय का याची उत्तम परीक्षा. दोन थालीपिठांना एक मोठी वाटी भाजणी, एक बारीक चिरलेला मोठा कांदा, मूठभर कोथिंबीर, एक चमचा तिखट, पाव चमचा हळद, थोडा ओवा किंवा तीळ, चवीपुरतं मीठ आणि एक चमचा तेल. कोमट पाणी एकदम ओतू नका. अर्धी वाटी घालून कालवा आणि लागेल तसं चमच्या-चमच्यानं वाढवा. कांद्याला पाच मिनिटांत पाणी सुटतं, म्हणून पीठ सुरुवातीला हवंय त्यापेक्षा किंचित घट्टच भिजवा. भाकरीच्या पिठापेक्षा सैल, पण बोटांवरून ओघळणार नाही, इतपत.

ओल्या फडक्यावर थापा, जाडी साधारण पाव इंच. मधे एक आणि भोवती चार भोकं पाडा. भोकांतून तेल खाली जातं आणि वाफ वर येते. भोकं नसतील तर मधला भाग गिच्च राहतो आणि तिथेच चिकटतो.

तवा मध्यम आचेवर चार-पाच मिनिटं तापवा. पाण्याचे दोन थेंब टाका. नुसते बसून चुरचुरले तर तवा गार आहे. थेंब गोळ्या होऊन तव्यावर धावत सुटले तर तो तेल लावण्याइतका तापला आहे, पण थालीपिठाला जरा जास्त. आच कमी करून अर्धा मिनिट थांबा. मग एक चमचा तेल सगळीकडे फिरवा, फडक्यासकट थालीपीठ उलटं घाला, फडकं ओलं करून हळूच सोडवा. भोकांत आणि कडेनं मिळून आणखी एक चमचा तेल सोडा, झाकण ठेवा, आच मध्यमपेक्षा थोडी कमी.

तीन-चार मिनिटं हात लावायचा नाही. कडा तांबूस होऊन तव्यापासून वर उचलल्या गेल्या की उलथनं आत सरकतं. सरकत नसेल तर जबरदस्ती करू नका, आणखी मिनिटभर द्या. खालची बाजू खरपूस झाली की थालीपीठ स्वतःहून सुटतं. ओलं असताना ओढलं की अर्धं तव्यावर राहतं आणि दोष तव्याला लागतो. उलटल्यावर झाकण नको, दोन ते तीन मिनिटं उघडंच भाजा.

पहिलं चिकटलं आणि दुसरं नाही, तर तवा पुरेसा तापला नव्हता. पहिलं नीट आलं आणि तिसरं-चौथं चिकटायला लागलं, तर तव्यावर पिठाचा करपलेला चुरा साठलाय. दर दोन थालीपिठांमागे कोरड्या फडक्यानं तवा पुसून घ्या. मधेच एका ठराविक जागी रोज चिकटत असेल, तर तिथला थर गेलाय.

डोसा-आंबोळीला तवा तापल्यावर पाण्याचा शिपका मारून अर्ध्या कांद्यानं पुसायचा, मग पीठ. शिपक्यानं तव्याची वरची उष्णता उतरते, त्यामुळे पीठ पसरण्याआधीच धरत नाही. मात्र शिपका म्हणजे शिपकाच. धगधगीत बिडावर वाटीभर पाणी ओतलं तर तवा तडकू शकतो, आणि तडकलेलं बीड सांधता येत नाही.

धुणं आणि गंज

स्वयंपाक झाल्यावर तवा कोमट असतानाच गरम पाणी आणि काथ्यानं धुवा. ओशट वाटला तर दोन थेंब साबण चालतो. पूर्वीच्या साबणात, सोड्यात आणि राखेत क्षार जास्त असायचा, तो थर खायचा. आजचा भांड्यांचा साबण इतका तीव्र नसतो. चिकटलेलं काही असेल तर तव्यात अर्धी वाटी पाणी घालून उकळा आणि लाकडी उलथन्यानं सोडवा, किंवा चमचाभर जाड मीठ आणि थोडं तेल घालून फडक्यानं घासा. मग पुसा, दोन मिनिटं गॅसवर ठेवा, पुसट तेलाचं बोट फिरवा. हे मिळून तीन मिनिटांचं काम आहे.

भांडी घासायला मावशी येत असतील तर हा तवा सिंकमध्ये ठेवूच नका. ओल्या ढिगाऱ्यात तासभर पडलेलं बीड गंजतंच, आणि त्यांच्या हातात तारेची घासणी असते, ती तीन महिन्यांची मेहनत मिनिटात काढते. तवा स्वतः धुवा किंवा मावशींना एकदा दाखवून ठेवा: पाणी आणि काथ्या, बाकी काही नाही.

गंज आलाच तर घाबरण्यासारखं काही नाही. वरवरचा लाल थर मीठ-तेलानं किंवा काथ्यानं निघतो. खोलवर गेलेल्या गंजाला पांढरं व्हिनेगर आणि पाणी सम प्रमाणात घेऊन तवा त्यात अर्धा तास बुडवा, काढून घासा, राहिला असेल तर पुन्हा अर्धा तास. रात्रभर ठेवू नका, गंज संपला की आम्ल चांगलं लोखंड खायला लागतं. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुवा, आचेवर कोरडा करा आणि तेलाचे तीन-चार फेरे पुन्हा पहिल्यापासून.

लोखंडी कढई

कढईला हेच सगळं लागू, फक्त तिच्यात पातळ पदार्थ होतात म्हणून आंबटाचं भान जास्त ठेवावं लागतं. टोमॅटो, चिंच, आमसूल, दही, ताक यांनी थर विरघळतो, पदार्थ काळा पडतो आणि लोखंडाची चव उतरते. कढी, सार, टोमॅटोची भाजी लोखंडात नको. पालेभाज्यांतही फरक करा: मेथी, शेपू, चवळई, कांद्याची पात चांगली होते; अंबाडी आणि आंबट चुका यांना स्टीलचं पातेलं. केळफूल आणि वांगं लोखंडात काळं पडतं, कारण त्यातला तुरट अंश लोखंडाशी मिळून काळा रंग धरतो. त्यानं अपाय काही होत नाही, पण ताटात वाईट दिसतं.

या कढईत पिठल्याइतकं छान दुसरं काही होत नाही. एक वाटी बेसनाला तीन वाट्या पाणी. दोन मोठे चमचे तेलात मोहरी, जिरं, हिंग, हळद, ठेचलेला लसूण, हिरव्या मिरच्या, कांदा परतून घ्यायचा, पाणी आणि मीठ घालून खळखळून उकळी आणायची. मग आच कमी करून एका हातानं बेसन पेरायचं, दुसऱ्या हातानं ढवळत राहायचं. पीठ एकदम पडलं की गुठळ्या बाहेरून शिजतात आणि आतून कोऱ्या राहतात. झाकण ठेवून मंद आचेवर पाच-सात मिनिटं. बुडाला लालसर खरवड धरते. ती जळायच्या आत गॅस बंद करून झाकण तसंच पाच मिनिटं ठेवलं की वाफेनं सुटून येते. जेवण झालं की उरलेलं पिठलं लगेच दुसऱ्या भांड्यात काढा. आंबट नसलेला पदार्थही रात्रभर लोखंडात राहिला की काळा पडतो आणि कढईचा थर मऊ होतो.

पितळ आणि कल्हई

तांबट आळीत पेशवाईपासून तांब्या-पितळेचं काम चालत आलं आहे. तिथल्या भांड्यांवर जे बारीक, रांगेत पडलेले चमकदार ठोके दिसतात ते मठारकाम. हातोडीच्या ठोक्यांनी पत्रा घट्ट आणि टणक होतो, म्हणून मठारलेलं पातेलं सहजासहजी चेपत नाही. घेताना ठोके एकसारखे आहेत का आणि बूड भिंतींपेक्षा जाड आहे का, ते बघा. ही भांडी वजनावर विकतात, तेव्हा काटा समोर लावून घ्या आणि मूठ-कड्या लोखंडाच्या असतील तर त्यांचं वजन धरलंय का ते विचारा.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. उष्णता ते स्टीलच्या कितीतरी पट चांगली वाहून नेतं, त्यामुळे भात, खीर, वरण बुडाला लागत नाही, सगळीकडून सारखं शिजतं. अडचण एकच: आतून उघडं पितळ असेल तर ताक, आमटी, चटणी कळकते, आणि तांब्याचे क्षार पोटात जातात. मळमळ, उलट्या होऊ शकतात. म्हणून शिजवायच्या भांड्याला आतून कल्हई हवीच. तांब्याच्या पाण्याच्या हंड्याला लागत नाही, पण त्यात लिंबूपाणी, सरबत, ताक कधीही भरू नका.

कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर. कारागीर आधी भांडं आतून स्वच्छ घासून घेतो, भात्याच्या भट्टीवर सगळीकडून तापवतो, आत नवसागराची पूड टाकतो. पांढरा, झोंबणारा धूर उठतो. नवसागर धातूवरचा ऑक्साइडचा थर काढतो. तो नीट काढला नाही तर कथील त्या जागी धरत नाही आणि पुढे ठिपके पडतात. मग कथलाची कांडी तापलेल्या भांड्याला टेकवली की वितळते, आणि कापसाच्या बोळ्यानं भराभर फिरवून ती आतून सगळीकडे पसरवतात. भांडं पाण्यात बुडवलं की चर्र होऊन निवतं आणि आत आरशासारखं चकाकतं.

कल्हई करून घेताना शुद्ध कथलाची मागा आणि समोर उभं राहून करून घ्या. कथलात शिसं मिसळलं तर ते स्वस्त पडतं आणि लवकर वितळतं, पण शिसं विषारी आहे. कारागिराची कांडी वाकवून दाखवायला सांगा: शुद्ध कथलाची कांडी वाकताना बारीक कडकड आवाज येतो, शिसं जास्त असेल तर गपकन वाकते. घरी आल्यावर भांडं धुवा, त्यात पाणी उकळून फेकून द्या, म्हणजे नवसागराचा अंश जातो.

कथील २३२ अंशांना वितळतं, आणि कल्हईच्या भांड्याचे सगळे नियम या एका आकड्यातून येतात. पातेलं रिकामं गॅसवर ठेवायचं नाही. आधी पाणी किंवा दूध घालायचं, मग गॅस लावायचा. फोडणी त्यात करायची नाही, कारण तडतडणाऱ्या मोहरीच्या तेलाखाली बूड सहज या आकड्याच्या पुढे जातं. फोडणी लोखंडी पळीत किंवा कढल्यात करून वरून ओता. रवा भाजणं, शेंगदाणे भाजणं यांना दुसरं भांडं. बुडात चकचकीत थेंब किंवा ओघळ दिसले तर कथील वितळून सरकलंय, ती जागा आता उघडी आहे.

आत लाकडी डाव वापरा. धुताना मऊ घासणी आणि साबण. चिंच, लिंबू, पितांबरीसारखी पावडर फक्त बाहेरून. आतला चकाकीपणा महिनाभरात करडा होतो, त्यात बिघडलेलं काही नाही. पिवळं किंवा तांबूस पितळ दिसायला लागलं की पुन्हा कल्हई लावायची. रोजच्या वापरात ही वेळ साधारण सहा महिने ते वर्षभरानं येते, पण तारीख मोजत बसू नका. दर महिन्याला पातेलं उजेडात धरून बूड आणि बुडाची कड बघा, झीज तिथे आधी होते. आमसुलाची किंवा चिंचेची आमटी शाबूत कल्हईत करायला हरकत नाही. जेवण झाल्यावर ती त्यात ठेवू मात्र नका.

बाकीची भांडी, थोडक्यात

स्टील घेताना ३०४ दर्जा बघा. त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. चुंबक लावून खात्री होत नाही, कारण स्वस्तातल्या २०२ दर्जालाही चुंबक चिकटत नाही. इंडक्शनसाठी उलट बुडाला चुंबक चिकटलाच पाहिजे. एकेरी पत्र्याचं स्टील उष्णता फार वाईट वाहून नेतं, म्हणून बूड लागतं. मधे अॅल्युमिनियमचा थर असलेलं तिहेरी भांडं घ्या. मीठ थंड पाण्यात टाकून तसंच ठेवलं तर बुडाला बारीक खड्डे पडतात, पाणी उकळल्यावर टाका.

नॉनस्टिक रिकामं तापवू नका, मोठ्या आचेवर वापरू नका, आणि थर निघायला लागला की टाकून द्या. त्याची दुरुस्ती नाही.

कुकरच्या झाकणाच्या कडेनं वाफ जात असेल तर रिंग कडक झाली आहे. शिट्टीऐवजी नुसतं फुसफुसत असेल तर नळीत डाळीचा फेस अडकला आहे, ती सुईनं साफ करा. डाळीला कुकर निम्म्यापेक्षा जास्त भरू नका. धुतल्यावर झाकण उलटं ठेवा, रिंग दबून राहत नाही. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे, इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. उघड्या पातेल्यातल्या डाळीला थोडा वेळ जास्त लागतो, कुकरमध्ये तो फरक जवळपास मिटतो.

डाळ न शिजण्याचं खरं कारण अनेक सोसायट्यांत पाणी असतं. बोअर किंवा टँकरच्या जड पाण्यातला चुना डाळीचं साल आणि गर घट्ट धरून ठेवतो. फिल्टरचं पाणी वापरा, डाळ तासभर भिजवा, आणि तरीही शिजली नाही तर एका वाटीला चिमूटभर खाण्याचा सोडा. चिमटीपेक्षा जास्त घातला तर वरण बुळबुळीत होतं. याच पाण्यानं स्टीलवर आणि कुकरच्या तळाशी पांढरे डाग पडतात. दोन चमचे व्हिनेगर किंवा अर्ध्या लिंबाचा रस घालून पाणी उकळा, डाग सुटतात. लोखंडी भांड्यांवर हा उपाय करू नका.

पावसाळ्यात आणि गावाला जाताना

जून ते सप्टेंबर लोखंड-बीड बंद कपाटात एकावर एक रचून ठेवू नका. दोन भांड्यांमध्ये वर्तमानपत्राचा कागद घाला, तो ओल शोषतो. ओलसर लागला की बदला. तवा भिंतीला खुंटीवर टांगला तर सगळ्यात उत्तम, मात्र खुंटी दोन किलो पेलणारी हवी.

महिनाभर घर बंद राहणार असेल तर तवा आणि कढई आचेवर पूर्ण कोरडी करा, रिफाइंड तेलाचा पुसट हात द्या आणि कागदात गुंडाळून ठेवा. शेंगदाणा तेल किंवा तूप लावून ठेवलं तर परत येईपर्यंत खवट वास येतो. आलाच तर तवा साबणानं धुवून दहा मिनिटं तापवा, वास जातो. पितळी पातेलं नुसतं कोरडं करून झाकण न लावता ठेवा. परतल्यावर पहिला पदार्थ म्हणून तव्यावर कांदा परता, आणि घावन दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घाला.